भावोजी, तांदूळ आणि पाच पेले

आमचे धाकटे भावोजी सहा वर्षं श्टुटगार्टला राहून आले, आणि तेव्हापासून घरात अमेरिकन बिअरचं नाव काढायची सोय राहिली नाही. "वहिनी, बिअरची बाटली विसळल्यावर जे पाणी निघतं ना, ते अमेरिकेत विकतात." दर गणपतीला, दर दिवाळीला हेच. मी रंगाच्या कंपनीत सत्तावीस वर्षं क्वालिटी कंट्रोल बघते. कुणी फार ठामपणे बोलायला लागलं की माझा हात आपोआप सॅम्पलकडे जातो.

या दिवाळीत योग जुळला. भावोजी ऑफिसच्या कामाने प्रागला गेले होते, येताना बुडवार या चेक बिअरचे अर्ध्या लिटरचे चार कॅन घेऊन आले. कस्टमची दोन लिटरची मर्यादा काठोकाठ भरली. माझा भाचा कॅलिफोर्नियाहून सुट्टीवर आला, त्याने सिएरा नेवाडा पेल एल या तिथल्याच बिअरचे पाच कॅन आणले. बाकीच्या तीन बिअर मी मुलुंडच्या एका वाईन शॉपमधून घेतल्या. एक आपली नेहमीची बडवायझर, एक हायनिकन आणि एक हिरव्या बाटलीतली युरोपहून आलेली, बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट किमतीची. तिचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

ओतायचं काम आमच्या ह्यांच्याकडे, कारण ते ताकापलीकडे जात नाहीत. पेल्यांना मास्किंग टेप लावून क, ख, ग, घ, च अशी नावं दिली. (ङ वगळला. तो म्हणेपर्यंत फेस बसतो.) पेले आदल्या रात्री साबणाशिवाय धुतले. चाखून होईपर्यंत चखणा बंद, मध्ये फक्त साधा पाव आणि पाणी. तळलेले बोंबील आत झाकून ठेवलेत हे कळल्यावर भावोजी म्हणाले, "हा छळ आहे." असू दे.

आधी 'घ'बद्दल, कारण त्यावरूनच सगळ्यात जास्त गोंधळ झाला. पेला नाकाशी नेला आणि मी खाली ठेवला. सिलिंडर गळतो तेव्हा जो वास येतो, त्याचा हा चुलतभाऊ. भावोजींनी एक घोट घेतला आणि जाहीर केलं, "ही अमेरिकन. शंभर टक्के." ती होती ती दुप्पट किमतीची युरोपियन! बिचाऱ्या बिअरचा दोष नव्हता. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं; त्यांतली कडू द्रव्यं उजेडाने फुटतात आणि त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं. गॅसला वास यावा म्हणून मरकॅप्टन घालतात, त्याच घराण्यातलं. तपकिरी काच हा उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारसा अडवत नाही आणि कॅनमध्ये तर प्रश्नच येत नाही. दुकानदाराने ती बाटली दर्शनी फ्रिजमध्ये, ट्यूबलाइटच्या अगदी खाली उभी केली होती. मीच बोट दाखवून मागितली होती, हेही खरं.

'क' आणि 'ग'मध्ये आम्हा चौघांपैकी दोघांची उलटापालट झाली, त्यात भावोजी एक. 'क' हायनिकन आणि 'ग' बडवायझर. मला 'ग'मध्ये कच्च्या सफरचंदाचा हलका वास आला, बाकी जिभेवर येऊन कधी गेली ते कळलंच नाही. 'क' थोडी भरीव, शेवटी किंचित कडू. पण हा फरक शोधावा लागतो. आणि गंमत अशी की या दोघींनीही समुद्र ओलांडलेला नाही. बडवायझर भारतातच बनते, हायनिकनचा मुक्काम तर आपल्या तळोज्यात. त्यात बडवायझरची मालक कंपनी २००८ सालीच बेल्जियमच्या लूव्हेनमध्ये मुख्यालय असलेल्या इनबेव्हने विकत घेतली. मी हे सांगितल्यावर भावोजी म्हणाले, "मालक कुठलाही असो, तांदूळ घालतात ना?"

घालतात, आणि लपवतही नाहीत. पण तांदूळ कुठून आला तेही बघायला हवं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बिअर बनवणारे बहुतेक जर्मनच होते, भावोजींच्या लाडक्या देशातून गेलेले. बव्हेरियाचा १५१६ सालचा कायदा त्यांना पाठ होता, बार्ली, हॉप्स आणि पाणी, बस्स. पण अमेरिकेत मिळणारी सहा ओळींची बार्ली प्रथिनांनी जड. तिची बिअर गढूळ आणि बोजड व्हायची. म्हणून त्यांनी तांदूळ किंवा मका घालून ती हलकी आणि स्वच्छ केली. काटकसर नव्हे, कारागिरी होती ती. शिवाय मका युरोपातही चालतो. बेल्जियमच्या स्टेला आर्टवाच्या घटकांमध्ये तो आहे, इटलीच्या पेरोनीतही आहे. माझी धाकटी जाऊ मध्येच म्हणाली, "तांदळाला नावं ठेवता आणि आंबोळ्या चार खाता." तो विषय तिथे संपला.

मग 'ख'. इथे मात्र भावोजींना मानलं. पहिल्याच घोटाला म्हणाले, "बुडवार." आणि बुडवारच होती. ताज्या पावाच्या कडेसारखी गोडसर, मग साट्झ हॉप्सचा गवती, थोडा मसाल्याचा वास आणि मऊ कडवटपणा. तीन महिने गार तळघरात मुरवतात म्हणे, आणि ते जाणवतं. बडवायझर हे नावही मुळात त्यांच्याच गावचं, चेस्के बुड्येयोविट्सेला जर्मन लोक बुडवाइस म्हणायचे. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या कंपनीने १८७६ साली ते नाव घेतलं, बुडवार ब्रुअरी निघाली १८९५ साली, आणि शंभर वर्षांहून जास्त काळ दोघांचे खटले चालू आहेत. सोलापुरी चादर नावाने भलत्याच गावची चादर विकावी, तसलं प्रकरण. अमेरिकेत बुडवारला चेकवार या नावाने विकावं लागतं. एका नावाच्या दोन बिअर शेजारी ठेवून प्या, मग लागरच्या, म्हणजे अशा गारव्यात मुरवलेल्या बिअरच्या बाबतीत भावोजींशी भांडायची इच्छा उरत नाही. मी तरी नाही भांडले.

पण 'च'. उघडतानाच मोसंबीच्या सालीचा वास सुटला. नंतर देवदाराच्या लाकडासारखं काहीतरी, मधे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) कॅरामेल आणि शेवटी चांगला दणदणीत कडूपणा. मी पेला संपवला. जाऊबाईंनी अर्ध्यात ठेवला, "हा तर काढा! वरून साल पिळलेला." तिचंही चूक नाही, ही सगळ्यांना रुचणारी बिअर नाहीच. पण 'पाणी' हा शब्द तिच्या आसपासही फिरकत नाही. भावोजींनी दोनदा वास घेतला, दोन घोट घेतले आणि 'इंग्लिश?' असं लिहून प्रश्नचिन्ह काढलं.

तो मोसंबीचा वास कॅस्केड नावाच्या हॉप्सचा, जे ओरेगॉनमध्ये तयार होऊन १९७२ साली बाजारात आले. 'च' म्हणजे भाच्याने आणलेली सिएरा नेवाडा. ही बिअर १९८० सालची, कॅलिफोर्नियातल्या चिको गावात जुन्या डेअरीची भांडी जमवून सुरू केलेल्या ब्रुअरीतली. तोवर अमेरिकेत होतं काय, तर १९२० ते १९३३ दारूबंदी. त्यात लहान ब्रुअऱ्या गेल्या. तगल्या त्या मोठ्या, ज्यांनी आइस्क्रीम आणि यीस्ट विकून तेरा वर्षं काढली. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी शंभरही कंपन्या उरल्या नव्हत्या आणि सगळ्यांची चव एकच. भावोजींचं मत त्या काळाचं आहे, आणि त्या काळापुरतं अगदी बरोबर आहे. घरी बिअर बनवायला १९७८च्या कायद्याने परवानगी मिळाली आणि पोरासोरांनी गॅरेजमध्ये हंडे चढवले. आज तिथे नऊ हजारांवर ब्रुअऱ्या आहेत.

दारूबंदीचे चटके आपल्यालाही नवीन नाहीत. १९४९चा मुंबईचा कायदा अजून आहेच, माझ्या पर्समधल्या परवान्यावर मी प्रकृती सांभाळण्यासाठी मद्य घेते असं छापलेलं आहे. मुंबईतलं पहिलं ब्रूपब, म्हणजे स्वतःची बिअर बनवणारा बार, लोअर परळला निघालं ते थेट २०१३ साली, बार्किंग डिअर, आणि काढणारे गृहस्थ होते अमेरिकन. आज परळ-अंधेरीच्या टॅपरूममध्ये ज्या आयपीएवर, म्हणजे भरपूर हॉप्सच्या पेल एलवर, तरुण मुलं तुटून पडतात, तिचा तो फळांचा वास अमेरिकन हॉप्सचाच. भावोजी ती आवडीने पितात, जर्मन समजून.

एक चूक माझीही झाली. पाचही बिअर फ्रिजमधून काढून लगेच ओतल्या. इतक्या गार बिअरला जीभ बधिर होते आणि सगळ्या सारख्याच लागतात. पंधरा मिनिटांनी परत चाखलं तेव्हा 'ख' आणि 'च' फुलल्या होत्या. 'ग' मात्र कोमट झाल्यावर शिळ्या पेजेसारखी लागली. बडवायझर गारच प्यावी, मे महिन्यात, लोकलमधून घामाघूम होऊन आल्यावर. तिथे ती नापास होत नाही.

माझे गुण दहापैकी: च साडेआठ, ख साडेआठ, क सहा, ग पाच. 'घ'ला गुण दिले नाहीत, सॅम्पल बाद. बोंबलांबरोबर मात्र ख. च बोंबलावर कुरघोडी करते.

'घ'चं मनाला लागून राहिलं होतं. पुढच्या शनिवारी त्याच दुकानात गेले आणि तीच बाटली बंद खोक्यातून काढून द्यायला सांगितली, तारीख बघून. "मॅडम, बिअरची तारीख कोण बघतं?" म्हणत पोऱ्या आत गेला आणि पाच मिनिटांनी धूळ झटकत घेऊन आला. घरी नेऊन अंधारात ठेवली, रात्री उघडली. सिलिंडर नाही, काही नाही. बरी होती, 'क'च्या तोडीची. दुप्पट पैशांची मात्र नाही.