कालिम्पाँगची नर्सरी आणि मागची चिऱ्याची भिंत

परवा मावसबहिणीनं एक व्हिडिओ पाठवला. ‘ताई, ही झाडं मागवू का? सिक्कीमची नर्सरी आहे म्हणे.’ वीस सेकंदांचा व्हिडिओ पाहिला आणि माझे हातपाय गार पडले. मे महिन्यात हाच व्हिडिओ मला आला होता, तेव्हा ती नर्सरी कालिम्पाँगची होती. माझे ८,७०० रुपये गेले. लाजेनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, पण आता गप्प बसवत नाही.

मी नवखी नाही, हे आधीच सांगते. डोंबिवलीच्या घरात पूर्वेच्या गॅलरीत ११ वर्षं ऑर्किड, होयाचे वेल, स्टॅगहॉर्नचे नेचे वाढवते आहे. व्हँडा या ऑर्किडला माती नको, मुळं हवेत मोकळी सोडायची, हे मीच सोसायटीतल्या चारजणींना शिकवलं. त्यामुळे ‘माहिती नसताना कशाला घ्यायचं’ असं कुणी म्हणू नये. माहिती होती. खासी टेकड्यांतली निळी व्हँडा मात्र कितीतरी वर्षं मनात होती, आणि व्हिडिओतल्या नंबरवरचा हा विकणारा बोलायलाही जाणकार. खत कुठलं, पाणी किती, सगळं बरोबर सांगायचा. ‘लॅबमध्ये टिश्यू कल्चरनं केलेली रोपं आहेत दीदी, जंगलातलं काही नाही,’ हे त्यानं मी न विचारताच सांगितलं.

निळ्या व्हँडाची तीन रोपं प्रत्येकी १,४५० प्रमाणे ४,३५०, पिवळ्या कडेची होया केरी १,८००, कुरिअर ३५०. एकूण ६,५०० रुपये. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव भलतंच आलं. विचारलं तर म्हणाला, भावाचं खातं आहे. दुसऱ्या दिवशी ‘राज्याबाहेर झाडं पाठवायला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं’ म्हणून आणखी २,२०० मागितले, मी तेही दिले. ते प्रमाणपत्र, म्हणजे झाडाला रोग-कीड नसल्याचा दाखला, परदेशी व्यापारासाठी असतं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कुंडीतलं रोप पाठवायला कुणी ते मागत नाही. मला हे तेव्हा कळायला हवं होतं, पण ६,५०० आधीच अडकले होते आणि त्या भीतीनंच पुढचे गेले.

पण मला रात्री झोप लागू देत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. त्या व्हिडिओत सातव्या सेकंदाला कॅमेरा जरा हलतो आणि टांगलेल्या रोपांमागे भिंत दिसते. चिऱ्याची, म्हणजे आमच्या कोकणातल्या जांभ्या दगडाची भिंत, लाल, भोकाभोकांची, सिमेंटनं सांधे भरलेली. माझं माहेर सिंधुदुर्गातलं. अशाच भिंतीच्या घरात मी वाढले. जांभा दगड मला डोळे मिटून हातानं ओळखता येईल. दार्जिलिंगच्या डोंगरात चिऱ्याची भिंत कुठून आली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. उलट ती भिंत बघून बरं वाटलं, आपल्यातलंच काहीतरी वाटलं, आणि त्याच मिनिटाला मी पैसे पाठवले. तो व्हिडिओ मी नंतर किती वेळा पाहिला असेन! प्रत्येक वेळी त्या भिंतीशी येऊन थांबते.

नवव्या दिवशी खोकं आलं. कुरिअरच्या पावतीवर बुकिंगचं ठिकाण सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं.

आत निळी व्हँडा नव्हतीच. सीतेच्या वेणीचे, म्हणजे आपल्याकडच्या झाडांवर वाढणाऱ्या रानटी ऑर्किडचे, तीन गड्डे होते. जाड, पन्हाळीसारखी पानं, मुळं दोन बोटांवर तोडलेली आणि त्या मुळांना झाडाची साल तशीच चिकटलेली, सालीवर दगडफूल. लॅबच्या बाटलीत वाढलेल्या रोपाला साल आणि दगडफूल कुठून येणार? कुठल्यातरी आंब्या-जांभळावरून ओरबाडून काढलेली झाडं होती ती. ऐन फुलायच्या दिवसांत. लहानपणी मे-जूनमध्ये आमच्या परड्यातल्या आंब्यावरून तिचे गुलाबी-पांढरे तुरे लोंबायचे, आजी त्यांना हात लावू द्यायची नाही. तीच वेणी मी पैसे देऊन उपटवली. पैशांपेक्षा हे जास्त लागलं.

होया केरीचं तर एकच पान. बदामाच्या आकाराचं, गोजिरवाणं, छोट्या कुंडीत खोचलेलं. मी फोटो मागवला होता, पण देठ कोकोपीटमध्ये गाडलेला होता आणि ‘उपटून दाखवा’ म्हणायचा मला संकोच वाटला. घरी आल्यावर उपटलं. मुळं आहेत, पेर, म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो तो खोडाचा सांधा, नाही. पेराशिवायच्या पानाला मुळं फुटतात, ते वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण त्यातून वेल कधी निघत नाही. होया घेताना देठाखालचं पेर दाखवायला सांगाच. संकोच करू नका.

त्याला फोन केला, त्यानं ब्लॉक केलं.

पुढचं ऐका. जवळच्या पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत.’ दुसऱ्यांदा एकानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘मॅडम, झाडं तर आली ना? मग फसवणूक कसली?’ सोनं म्हणून पितळ दिलं तर हेच म्हणाल का, विचारलं, तर शेजारचा हसला. ८,७०० रुपयांची झाडं कोण घेतं, असंही ऐकवलं. तिसऱ्या फेरीत अर्ज घेतला, शिक्का मारून प्रत दिली, गुन्हा नोंदवला नाही. ‘तुमची एकटीचीच तक्रार आहे.’ बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. वनखात्याच्या एका कार्यालयात गेले, वाटलं जंगलातून ऑर्किड तोडणाऱ्याची त्यांना तरी पर्वा असेल. तिथे पहिला प्रश्न मलाच. ही झाडं तुमच्याकडे कशी? आधी तुमचा जबाब घ्यावा लागेल, झाडं जमा करावी लागतील. पावती दिली, नंबर दिला, व्हिडिओ दिला. ‘कळवतो’ म्हणाले, त्याला आता सहा आठवडे झाले. तक्रार करणाऱ्या बाईला आरोपीसारखं उभं करायचं आणि विकणारा मोकळा! उद्या कोण सांगायला येईल?

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन मी खोकं आल्यावर केला, म्हणजे पैसे जाऊन नऊ दिवस झाल्यावर. तोवर खात्यात काही उरलेलं नसतं. शंका आली की त्याच तासाला करा, झाडांची वाट बघू नका.

निळी व्हँडा वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे, लागवडीची रोपं विकायलासुद्धा परवाना लागतो. परवान्याचा फोटो मागा. ऑर्किडच्या बियांची पाकिटं तर चुकूनही घेऊ नका, ते बी धुळीइतकं बारीक असतं आणि बुरशीच्या किंवा प्रयोगशाळेच्या मदतीशिवाय रुजत नाही. आणि विकणाऱ्याला सांगा, आजची तारीख कागदावर लिहून रोपाशेजारी धर, मुळं दाखव, व्हिडिओ कॉलवर.

तीनपैकी एक गड्डा कुजला. दोन मी नारळाच्या सोडणावर बांधलेत, एकाला हिरव्या टोकाचं नवं मूळ दिसतंय. वनखात्यानं मागितले तर देईन.

बहिणीला मी थांबवलं. पण तुमच्यापैकी कुणाला हा व्हिडिओ आला असेल आणि पैसे गेले असतील, तर आपापल्या ठाण्यात अर्ज द्या. सोबत सातव्या सेकंदाचा स्क्रीनशॉट जोडा, ज्यात ती भिंत दिसते. मला ‘एकटीचीच तक्रार’ म्हणून परत पाठवलंय. दुसरा अर्ज आला की मी माझ्या अर्जाची प्रत घेऊन पुन्हा जाणार आहे.