अग्निपथ: 1990चा बघावा की 2012चा?

दोन्हींची लांबी जवळपास तीन तास, नाव एकच, नायकही तोच: मांडव्याचा विजय दीनानाथ चौहान. वडिलांवर खोटा आळ येतो, गाव त्यांच्या जिवावर उठतं आणि पोरगं मुंबईत येऊन या कटामागच्या कांचाशी हिशेब चुकता करायची तयारी करतं. एवढं सोडलं तर दोन सिनेमे बरेच वेगळे आहेत.

मुकुल आनंद यांच्या 1990च्या सिनेमात विजय मोठा झालेला दिसतो तोच मुळी टोळीत वजन कमावलेला माणूस म्हणून. तिथवर तो कसा पोचला, हे भराभर उरकलंय. सगळा भर आहे बोलण्यावर, चालण्यावर, नजरेवर. अमिताभ बच्चन यांनी आवाज मुद्दाम घोगरा, जड केला होता आणि तेव्हा प्रेक्षकांनी त्याबद्दल तक्रारीही केल्या. आजही पहिली वीस मिनिटं कान सरावायला लागतात, म्हणून मोबाइलच्या स्पीकरवर हा सिनेमा बघू नका. सिनेमा तेव्हा चालला नाही, पण याच भूमिकेसाठी बच्चन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जेवायला बसलेल्या विजयला आई आधी हात धुवून यायला सांगते, तो प्रसंग नीट बघा. रोहिणी हट्टंगडी आवाज चढवत नाहीत. मुलाच्या सूडाला आईची संमती नाही, हा सिनेमाचा खरा पेच तिथे उघडा पडतो. मिथुन चक्रवर्ती यांचा नारळपाणीवाला कृष्णन अय्यर मधूनमधून हवा मोकळी करतो.

करण मल्होत्रा यांच्या 2012च्या सिनेमात हे पात्रच नाही. त्याच्या जागी आला टोळीप्रमुख रौफ लाला, आणि ऋषी कपूर यांनी तो असा उभा केलाय की मधला तासभर सिनेमा त्यांचाच वाटतो. गुन्हेगारी जगाची शिडी बघायची असेल तर हाच निवडा: लहानपणी लालाच्या आसऱ्याला येणं, त्याचा विश्वास कमावणं, मग आतून एकेक आधार काढून घेणं. हृतिक रोशनचा विजय कमी बोलतो. सगळं आत दाबून ठेवतो आणि त्यामुळे सूड योजनेसारखा पुढे सरकतो. 1990मध्ये तो जखमेसारखा ठसठसत राहतो.

कांचाच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे. डॅनी डेन्झोंग्पांचा कांचा सुटाबुटातला, थंड डोक्याचा धंदेवाईक आहे, म्हणून जास्त धोकादायक. संजय दत्तचा टक्कल केलेला, गीतेतली वचनं बोलणारा अवाढव्य कांचा पहिल्या दर्शनाला धडकी भरवतो, पण पुढे त्या रूपात भर पडत नाही.

संगीतात मात्र 2012चं पारडं निर्विवाद जड आहे. अजय-अतुलचं ‘देवा श्री गणेशा’ चांगल्या स्पीकरवर ऐका. ‘चिकनी चमेली’ची चाल आपल्या ‘कोंबडी पळाली’ची, हे कुणालाही पहिल्या ठेक्यालाच कळेल. मांडवा म्हणून दिसणारा किनारा मात्र दीवचा आहे. अलिबागकडची नारळी-पोफळीची वाडी शोधत बसाल तर निराशा होईल.

घरात लहान मुलं असतील तर 2012चा टाळा. सुरुवातीलाच वडिलांना झाडाला फास लावण्याचा प्रसंग आहे, पुढे मुलींचा लिलाव आहे, आणि रक्तपात अगदी जवळून दाखवलाय. 1990च्या सिनेमातही जमाव वडिलांना ठार करतो आणि आईवर अत्याचाराचा प्रयत्न होतो. मारामारी मात्र आज नाटकी वाटते. तिच्यासाठी तो बघू नका.

एकच बघायचा असेल तर 1990चा. संवादप्रधान, भावनांना भरतं आणणारे सिनेमे झेपत नसतील तर 2012चा घ्या. दोन्ही बघणार असाल तर 2012चा आधी बघा, कारण बच्चन यांचा विजय डोक्यात बसल्यावर हृतिकच्या गप्प राहण्याला न्याय देणं अवघड जातं.