कूलंटचा प्रेशर टेस्टर : दहा महिने वापरल्यावर

गाडीतलं पाणी कुठून गळतं ते शोधायला मागच्या डिसेंबरात मी रेडिएटरला लावायचा हातपंपाचा प्रेशर टेस्टर घेतला. आता ऑक्टोबर चालू आहे. या दहा महिन्यांत तो माझ्या डिझेल गाडीला लागला, भाऊजींच्या कारला लागला, शेजारच्या काकांच्या ट्रॅक्टरला लागला आणि गावातल्या चार-पाच पिकअपनाही. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. गाडी पाणी खायला लागली की आमच्याकडे दोनच उपाय: डिक्कीत पाण्याची कॅन ठेवायची, नाहीतर सरळ इंजिन खोलायचं. या दोन्हींच्या मधे आणखी एक उपाय आहे आणि तो घरच्या अंगणात अर्ध्या तासात होतो, हे मला अठरा हजार रुपये गेल्यावर कळलं.

ते अठरा हजार असे गेले. गेल्या वर्षी मे महिन्यात घरची मंडळी घेऊन चिखलदऱ्याला निघालो. परतवाडा सोडलं, घाट लागला आणि निम्म्यात काटा लाल रेघेवर. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, तर टाकीतून पाणी उकळून बाहेर येत होतं. दीड तास झाडाखाली बसून काढला, सोबत लहान मुलं. खाली आल्यावर मिस्तरीनं पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, हेड गॅसकेट गेलं. हेड उतरवा लागते." हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, गॅसकेट म्हणजे त्याच्या खालचं पातळ सील. उतरवलं. फेसिंग झालं, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट केला, नवं गॅसकेट बसलं, नवं कूलंट, म्हणजे रेडिएटरचं रंगीत पाणी, भरलं. आठ दिवसांनी टाकी पुन्हा रिकामी. मिस्तरीचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. गाडीखाली एक थेंब नाही, धूर पांढरा नाही, मग पाणी जातं कुठं? आत डोकावायला त्याच्याकडे काहीच नव्हतं, त्यानं अंदाज बांधला. पैसे मात्र माझे गेले.

कूलिंग सिस्टिम प्रेशरवर चालते, ही गोष्ट आधी डोक्यात बसली पाहिजे. रेडिएटरच्या ढक्कनावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. १.१ म्हणजे १.१ बार, साधारण १६ पीएसआय; दोन्ही दाबाचीच मापं. तेवढं प्रेशर होईपर्यंत ढक्कन पाणी कोंडून धरतं. कुकरचंच तत्त्व. कोंडलेलं पाणी १५ पीएसआयला १२० अंशांच्या आसपास जाऊन उकळतं, कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी वर. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचावर आहे, तिथं उघड्या पातेल्यातलं पाणी ९६ अंशांनाच उकळी धरतं. म्हणजे ज्या गाडीत प्रेशर टिकत नाही तिला घाटात चढाचाही मार आणि उंचीचाही.

आणि हेच प्रेशर गाडी थंड झाली की उतरून जातं, म्हणून उभ्या गाडीत गळती दिसत नाही. चालू गाडीत गळते तेव्हा पंख्याचा वारा आणि गरम ब्लॉक थेंब जागच्या जागी वाळवून टाकतो. टेस्टर फक्त एवढंच करतो की इंजिन थंड, पंखा बंद, हात भाजायची भीती नाही, अशा वेळी तेच प्रेशर आत तयार करून देतो.

मला पेटी ३,२०० रुपयांना पडली. आत सायकलच्या पंपासारखा छोटा हातपंप, त्यावर दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ, एक पाईप आणि वेगवेगळ्या गाड्यांच्या तोंडांना बसणारी अठरा अडॅप्टर. कपाशीला फवारणी पंप मारलेल्या माणसाला हे नवीन नाही. हाताला दाब लागायला लागला की कळतं, आता थांबायचं.

पहिली टेस्ट मला अजून जशीच्या तशी आठवते. डिसेंबरातली सकाळ, गाडी रात्रभर उभी, इंजिन गार. ढक्कन काढून अडॅप्टर बसवलं, पंप मारत काटा १५ वर आणला आणि सोडून दिला. दोन मिनिटं काटा हलला नाही. मग १४. मग जरा जास्त वेळानं १३. सहा मिनिटांत १२. बाहेर कुठंच पाणी नाही. मुलाला म्हटलं, जरा टीव्ही बंद कर. शांत झाल्यावर कान लावला तर बारीक सूं असा आवाज येत होता, पंख्याच्या मागून. टॉर्च आत घातली. वॉटर बॉडीच्या, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, खालच्या अंगाला एक छोटं भोक असतं, सील आणि बेअरिंगच्या मधलं. सील गेलं की पाणी बेअरिंगमधे न जाता बाहेर पडावं म्हणून ते ठेवलेलं असतं. त्या भोकाच्या काठावर एक हिरवा थेंब लोंबत होता. तो फुगला, सुटला, खालच्या चॅनलवर पडला आणि तिथल्या धुळीत मुरला. खाली फरशीवर काही नाही. त्या चॅनलवर हिरवट-पांढरी साय जमलेली होती, आधीच्या कित्येक महिन्यांची. हेड उतरवताना तिथूनच सगळ्यांचे हात गेले होते.

मग ढक्कन तपासलं. पेटीत त्यासाठी वेगळं अडॅप्टर येतं: एका बाजूला पंप, दुसऱ्या बाजूला ढक्कन. १.१ लिहिलेल्या ढक्कनानं ६ पीएसआयलाच हवा सोडली. वरून पाहिलं तर नव्यासारखं. आतलं रबर कडक होऊन त्यावर कडेचा खाचा उमटला होता. नवं ढक्कन दोनशे-अडीचशेचं. वॉटर बॉडी मजुरीसकट अडीच हजारात बदलून झाली. घाटात पाणी का उकळलं, याचं उत्तर या दोन वस्तूंमधे होतं. हेड उतरवायची गरज होती का, हा हिशेब मी पुन्हा पुन्हा करून पाहिला आहे आणि दर वेळी मन खट्टू होतं.

ढक्कनाचं एवढं सांगतो कारण ते कुणीच तपासत नाही. त्यात दोन व्हॉल्व असतात. मोठा स्प्रिंगचा, जास्तीचं प्रेशर बाहेर सोडणारा. मधला छोटा, गाडी थंड होताना बाजूच्या जादा कूलंटच्या बाटलीतलं कूलंट परत आत ओढणारा. छोटा अडकला तर सकाळी वरचा पाईप चेपलेला दिसतो. लोक पाईप बदलतात, आठवड्यात नवाही चेपतो. मी आतापर्यंत तपासलेल्या ढक्कनांपैकी तीन टाकून द्यावी लागली. बाकी काही करायचं नसेल तरी निदान ढक्कन तपासून घ्या.

काकांच्या ट्रॅक्टरचं वेगळं होतं. जानेवारीत ते म्हणाले, "सकायी खाली पाणी दिसते, दुपारी पाहा तं काहीच नाही." दुपारी प्रेशर भरून पाहिलं, काटा ठाम. काकांना वाटलं यंत्र बिनकामाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला थंडीत जाऊन पुन्हा भरलं, तेव्हा खालच्या पाईपाच्या क्लिपखालून पाणी झिरपताना सापडलं. थंडीत रबर आणि धातू आकसतात आणि सैल क्लिप उघडी पडते, गाडी तापली की फट बुजते. क्लिप आवळली, झालं. तेव्हापासून मी टेस्ट शक्यतो पहाटेच करतो आणि पाच मिनिटांवर कधीच थांबत नाही, निदान वीस मिनिटं काटा बघतो.

भाऊजींच्या कारमधे काटा दहा मिनिटांत दोन पीएसआय उतरायचा आणि इंजिनच्या खोलीत सगळं कोरडं. शेवटी डाव्या सीटच्या पायाखालची चटई उचलली, खालचा फोम ओला. बोट लावून वास घेतला तर गोडसर. डॅशबोर्डच्या मागे हीटरचं छोटं रेडिएटर असतं, ते झिरपत होतं. ताई महिनाभर म्हणत होती की काच आतून चिकट होते, धुकं धरते. कुणी मनावर घेतलं नव्हतं. आमच्याकडे हीटर लावतो कोण? दोन्ही पाईप बाहेरच जोडून हीटर बंद करून टाकला.

इथं एक महत्त्वाचं. कूलंट सांडलं तर लगेच पाणी मारून धुऊन काढा. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. अंगणात कुत्री असतात, वासरं असतात, ती चाटतात.

आता ज्या गाडीत गॅसकेट खरंच गेलं होतं तिचं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी मिस्तरी लोकांना खोटं ठरवायला बसलोय. एक पिकअप, कापूस वाहणारी. मालकाला कुणीतरी ढक्कन बदलायला सांगितलं होतं. इंजिन पूर्ण गार असताना टेस्टर लावला, पंप मारलाच नाही, नुसती गाडी चालू केली. एका मिनिटाच्या आत काटा थरथरत १५ कडे गेला. एवढ्या वेळात पाणी तापत नाही, त्यामुळे ते प्रेशर पाण्याचं नव्हतं, इंजिनच्या सिलिंडरमधली जळालेली गॅस पाण्यात घुसत होती. लगेच गाडी बंद केली, टेस्टरच्या व्हॉल्वनं हवा सोडली. मालकाला म्हटलं, "दादा, याचं हेड उतरवाच लागते." हेड उतरवल्यावर दोन सिलिंडरच्या मधे गॅसकेट जळून काळी रेघ पडलेली सगळ्यांनी पाहिली. ही टेस्ट करताना नजर काट्यावरून हलवू नका. ढक्कनावरच्या आकड्याच्या वर गेलं तर रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी फुटू शकते. त्याच कारणासाठी टायरवाल्याचा कंप्रेसर याला कधीही लावू नका. आणि तापलेल्या गाडीचं ढक्कन कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडू नका.

दोन पिकअपच्या रेडिएटरात हळद निघाली. रस्त्यात अडकल्यावर गळती बुजवायला हळद टाकून घरी येणं मी समजू शकतो, मीही एकदा आलोय. पण नंतर ती तशीच राहते. अशा रेडिएटरनं पहिली पाच-सात मिनिटं प्रेशर धरलं आणि मग एकदम सोडलं, आणि तळाशी पिवळा गाळ. बारीक नळ्या बुजलेल्या असतील तर गळती थांबवूनही गाडी गरम होणारच. त्यात आमचा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी चहाला चालत नाही, ते आम्ही रेडिएटरात ओततो. मी ज्या गाड्या पाहिल्या त्यात ढक्कन काढल्याबरोबर आत पांढरे थर दिसले की समजायचं, इथं वर्षानुवर्षं हेच पाणी जातंय. मी आता तयार कूलंट किंवा बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर) मिसळून केलेलं कूलंट, याशिवाय काही घालत नाही.

टेस्टरच्या तक्रारीही आहेत. पाईप जिथं खटकन जोडला जातो तिथलं ओ-रिंग, म्हणजे रबराचं कडं, एप्रिलमधेच कडक झालं आणि काटा उतरायला लागला. मी दोन दिवस एका चांगल्या गाडीत गळती शोधत बसलो. त्यानंतर दर वेळी आधी टेस्टरच तपासतो: ढक्कनाच्या अडॅप्टरवर नवं ढक्कन लावायचं, १० पर्यंत भरायचं, दहा मिनिटं काटा हलला नाही तरच गाडीला लावायचं. ओ-रिंग फवारणी पंपाच्या सामानात त्याच मापाचं दहा रुपयांत मिळालं. पाईप आखूड आहे, घड्याळ बॉनेटखालीच अडकतं आणि मान वाकडी करून वाचावं लागतं. अठरापैकी माझ्या कामाला चारच अडॅप्टर आली आणि एका कारच्या टाकीला एकही बसलं नाही, तिथं हात टेकावे लागले. माहितीचा कागद इतक्या बारीक अक्षरात की मी तो मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचला. पेटीची कडी मे महिन्यातच तुटली, सध्या सुतळी बांधलेली आहे. पंप आणि घड्याळ मात्र पहिल्या दिवसासारखे आहेत.

एकट्यानं घ्यावा का? रोज गाडी धंद्याला लागत असेल तर जरूर घ्या. नसेल तर चार घरांनी मिळून घ्या. घेण्याआधी आपल्या गाडीचं ढक्कन काढून दुकानात न्या आणि अडॅप्टर बसतं का ते पाहा, पेटीवरच्या यादीवर जाऊ नका.

एक गाडी अजून सुटलेली नाही. मित्राची जुनी डिझेल, महिन्याला अर्धा लिटर कूलंट कमी होतं. गार असताना वीस मिनिटं १५ ला १५. चालू करून पाहिलं, काटा हळूहळू चढतो, जसा चढायला हवा तसा. चटई कोरडी, डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) तेल स्वच्छ, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं नाही. आता त्या निळ्या औषधाची टेस्ट करायची आहे, रेडिएटरच्या तोंडावर धरतात आणि गॅस येत असेल तर रंग बदलतो ती. औषध अकोल्याहून मागवलंय, दिवाळीआधी येईल असं दुकानदार म्हणतो.