टाके घातलेली ताटली आणि माझे २८० युरो

माद्रिदमध्ये दर रविवारी सकाळी एल रास्त्रो भरतो, जुन्या वस्तूंचा मोठा बाजार. इथे राहायला आल्यापासून मला तालावेराच्या भांड्यांचं वेड लागलंय. तालावेरा दे ला रेइना हे तोलेदो प्रांतातलं गाव. दुधासारख्या पांढऱ्या झिलईवर निळा, पिवळा, नारिंगी, हिरवा रंग, आणि त्यात धावणारे ससे, हरणं, झाडं. २०१९मध्ये युनेस्कोनं इथल्या आणि मेक्सिकोतल्या पुएब्ला-त्लास्कालाच्या कारागिरीला वारशाच्या यादीत घेतलं. एवढं सगळं वाचलेलं असून मी फसले. तुम्ही फसू नये म्हणून सविस्तर लिहिते.

विक्रेता साठीचा, मऊ बोलणारा. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक मोठी ताटली त्यानं हळूच बाहेर काढली. “अठरावं शतक, सेन्योरा. हातानं रंगवलेली.” मधोमध ससा, कडेचा टवका उडालेला, आणि पाठीमागे दोन लोखंडी टाके. पूर्वी इथे फुटलेलं भांडं टाकत नसत. गावोगाव फिरणारा लान्यादोर बारीक भोकं पाडून तारेच्या टाक्यांनी ते सांधून द्यायचा. ते टाके बघून मी विरघळले. कुणीतरी ही इतकी जपली होती! ३५० सांगितले, २८० युरोला दिली. पावती मागायचं मला सुचलंही नाही.

घरी कोमट पाण्यात बुडवली तर पाणी चहासारखं तपकिरी झालं. झिलईवरच्या बारीक तड्यांमधला काळेपणा अर्ध्या तासात निघून गेला. मग टिचकी मारली. माठ घेताना आई नेहमी मारायची तशी. तडा गेलेलं भांडं बद्द वाजतं. ही खणखणीत वाजली. म्हणजे टाके होते, पण सांधायला भेगच नव्हती. पोटात खड्डा पडला.

पंधरा दिवसांनी जुन्या मातीकामाच्या एका जाणकार बाईंकडे ताटली नेली. त्यांनी ती आधी उलटीच केली. खालच्या कड्याची झीज बघितली. शंभर-दोनशे वर्षं फळीवर सरकलेल्या कड्यावर वेड्यावाकड्या, कमीजास्त खुणा असतात. माझ्या ताटलीवर सगळ्या रेघा एकाच दिशेनं होत्या, पॉलिश पेपरच्या. मध्ये रुपयाएवढा भाग घासलेला. भिंगाखाली तिथे एका अक्षराचा निळा शेपटा दिसला. बहुतेक कार्यशाळेचं नाव खरवडलं होतं. अठराव्या शतकातल्या साध्या भांड्यांवर सहसा नाव नसतंच. ‘स्पेन’ असं इंग्रजीत लिहिलेलं दिसलं, तर वस्तू बहुधा १८९०नंतर निर्यातीसाठी केलेली, कारण आयात मालावर देशाचं नाव हवं असा कायदा अमेरिकेनं त्या वर्षी केला. मग त्यांनी दर्शनी बाजूवर बोट फिरवलं. जुन्या भट्टीत ताटल्या एकावर एक रचताना मध्ये मातीची तिकाटणी ठेवत, तिचे तीन ठिपके झिलईत राहून जातात. माझ्याकडे एकही नव्हता.

“पण रंग तर हाताचाच आहे ना?” मी विचारलं. होता. हीच खरी मेख आहे. आपण कल्हईला वापरतो त्या कथिलाच्या ऑक्साइडनं ही झिलई पांढरी होते. ती कच्ची असतानाच त्यावर रंगवायचं आणि पुन्हा भाजायचं. कच्ची झिलई रंग टिपकागदासारखा ओढून घेते, चुकलेला फटकारा पुसता येत नाही. तालावेरात आजही असंच रंगवतात. भिंगातून छपाईचे ठिपके दिसले नाहीत, फटकाऱ्यांची जाडी बदलती दिसली, तर वस्तू हातानं रंगवलेली. पण त्यावरून ती जुनी ठरत नाही. विक्रेता ‘हातानं रंगवलेली’ हे खरं बोलला, आणि त्या खऱ्याच्या आडून मी शतकही मान्य करून टाकलं. बाईंच्या मते माझी ताटली फार तर पन्नास वर्षांची, किंमत तीस-चाळीस युरो. किंमत ठरवताना दुकानदार काय मागतो ते बघू नका, लिलावात तशी वस्तू खरोखर कितीला गेली ते बघा, असं त्यांनी बजावलं.

सहलीला येणाऱ्यांसाठी आणखी एक. स्पेनच्या १९८५च्या वारसा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वारशात मोडणारी वस्तू देशाबाहेर न्यायला सरकारी परवानगी लागते. तेव्हा ‘अठरावं शतक’ ऐकलंत की लगेच म्हणा, हे शतक पावतीवर लिहून द्या, मला निर्यातीचा अर्ज करायचा आहे. पुढच्या रविवारी मी त्याच माणसाकडे दुसऱ्या एका ताटलीबद्दल हेच म्हटलं. त्यानं ती माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली.