नाताळच्या सुट्टीत बर्फ बघायचाय: मनाली की गुलमर्ग?

दिवाळीचा फराळ संपत आला की ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, "यंदा सगळे मिळून बर्फात जाऊया." तासाभरात दोन तट पडतात. एकाला मनाली हवं असतं, दुसऱ्याला काश्मीर, आणि तिसरा फक्त अंगठा दाखवून गप्प बसतो. घरच्यांना घेऊन मी दोन्हीकडे हिवाळ्यात गेलेय, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते. टोळकं मोठं असेल, बरोबर मुलं असतील आणि शाळेच्या सुट्टीतच जाणं भाग असेल तर मनाली. बर्फाचीच खरी ओढ असेल आणि जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत आठवडाभर रजा जमत असेल तर गुलमर्ग, चार पैसे जास्त पडले तरी. मधल्या परिस्थितीत असलेल्यांसाठी पुढचं सगळं.

तारीख आधी, ठिकाण नंतर

आपल्याकडे पावसाला जसा मोसम ठरलेला असतो तसा हिमालयातल्या बर्फाला नसतो. पश्चिमेकडून एकामागून एक झंझावात येतात, त्यातला एखादा जोरकस आला की दोन दिवसांत सगळं पांढरं होतं. नाही आला की नुसती कोरडी थंडी. डिसेंबरअखेर हा जुगार जास्त असतो, जानेवारीच्या उत्तरार्धात कमी.

मनाली शहर साधारण २,०५० मीटरवर आहे. नाताळच्या दिवशी मॉल रोडवर बर्फ असेल ही आशा सोडून द्या. असला तर भाग्य. पण मनालीच्या हातात एक हुकमाचं पान आहे, ते म्हणजे अटल बोगदा. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला आणि हिवाळ्यातली सगळी गणितं बदलली. पूर्वी ३,९७८ मीटरवरची रोहतांग खिंड बंद झाली की पलीकडचं लाहौलचं खोरं महिनोन् महिने बाकी जगापासून तुटलेलं असायचं. आता हवा बरी असेल तर सकाळी नाश्ता करून निघालं की दुपारपर्यंत सिस्सू किंवा कोकसरला पोचता येतं. ही गावं ३,१०० मीटरच्या आसपास असल्यामुळे शहरात बर्फ नसतानाही तिथे मिळण्याची शक्यता बरीच असते. एक सांगून ठेवते: टॅक्सीवाला डिसेंबरात "रोहतांग दिखाएंगे" म्हणाला तर तो बोगदाच दाखवणार आहे. खिंड तेव्हा बंद असते.

गुलमर्ग मुळातच २,६५० मीटरवर. म्हणजे हॉटेलच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की बर्फ, गाडीत बसून शोधायला जावं लागत नाही. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा 'चिल्लई कलां' लागतो, हाडं गोठवणारा काळ. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. तरीही हमी कुणी देऊ नये. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणं चक्क करडी, कोरडी पडली होती आणि महिना संपता संपता कुठे बर्फ आला. टूरवाल्याने छापील कागदावर 'बर्फाची खात्री' लिहून दिली असेल तर त्याला विचारा, ती कुणाच्या भरवशावर.

जाणं-येणं आणि खर्च

इथे मनाली सरळ जिंकतं, निदान खिशाच्या बाबतीत. मुंबई-पुण्याहून चंदीगड किंवा दिल्ली गाठायची आणि पुढे रस्त्याने. चंदीगडहून सुमारे तीनशे किलोमीटर, दिल्लीहून रात्रीची व्होल्वो. मनालीच्या अलीकडे कुल्लूजवळ भुंतरला विमानतळ आहे, पण धावपट्टी लहान, विमानं छोटी आणि हवा बिघडली की रद्द, त्यामुळे मोठ्या ग्रुपने त्यावर विसंबू नये. आठ-दहा जण असाल तर एक टेम्पो ट्रॅव्हलर घेतला की माणशी खर्च बराच खाली येतो. मात्र वळणांचा घाट आहे. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी गोळ्या आणि आवळा सुपारी हाताशी ठेवा.

श्रीनगरला विमानाने उतरायचं आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवर गुलमर्ग. ज्येष्ठांच्या कमरेला हे फार सोयीचं. पण नाताळच्या आठवड्यात विमानाचं तिकीटच सगळं बजेट खाऊन टाकतं. आता कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत धावते (जून २०२५ पासून), त्यामुळे वेळ असेल त्यांना रेल्वेचा रस्ता खुला झालाय. बर्फ पडल्यावर घाटाच्या पायथ्याच्या तंगमर्ग गावापुढचे शेवटचे तेरा किलोमीटर साखळ्या लावलेल्या स्थानिक गाडीनेच जावं लागतं, त्याचे वेगळे पैसे धरा. तसं मनालीतही जोराचा बर्फ पडला की पोलीस सोलंगच्या वाटेवरच्या नेहरू कुंडापुढे फक्त फोर बाय फोर सोडतात.

गर्दीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. २३ डिसेंबर २०२४ ला सोलंग (मनालीजवळचं बर्फाच्या खेळांचं खोरं) ते अटल बोगदा या पट्ट्यात बर्फ पडला आणि शेकडो गाड्या घसरत्या रस्त्यावर तासन् तास अडकल्या. २४ ते ३१ डिसेंबर या काळात मनालीत जाणार असाल तर बोगद्याची फेरी पहाटे लवकर उरका आणि आभाळ भरून आलं की मागे फिरा. मुलं कितीही रडली तरी.

बर्फात करायचं काय

मुलांना यातलं काहीच कळत नसतं. त्यांना उतार, घसरगाडी आणि एकमेकांच्या कॉलरमध्ये बर्फ कोंबायला मिळालं की झालं. त्यासाठी सोलंग आणि सिस्सू पुरेसे आहेत. वाटेत नंबर लिहिलेल्या दुकानांची रांग लागते, तिथे अंगभर कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. कोट नाक न मुरडता घ्या, बूट मात्र घालून, चालून बघा. आत ओल असेल तर दुसरा जोड मागा. आपल्या घरचे दोन जोड लोकरी मोजे त्यात घालायला हवेतच.

गुलमर्गचं आकर्षण म्हणजे गोंडोला, तिथला रोपवे. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. दुसऱ्या टप्प्यावरून दिसणारा देखावा मी शब्दांत पकडायच्या फंदात पडत नाही. पण आजी-आजोबांना, दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णांना तिथे नेऊ नका. पहिला टप्पा त्यांना छान होतो. तिकिटं ऑनलाइन, आधीच काढायची. गर्दीच्या दिवसांत ती पटकन संपतात आणि मग दारात उभे असलेले लोक 'जुगाड' सुचवतात. घोडेवाले आणि स्लेजवाले मागे लागतात हे खरं आहे. भाव आधी ठरवा, कुठून कुठपर्यंत तेही ठरवा, आणि एकदा नको म्हटलं की थांबून बोलत बसू नका. ओढणारा माणूस त्याच बर्फात दिवसभर राबतो, हेही घासाघीस करताना ध्यानात असू द्या.

तरुण मंडळींना खरोखर स्कीइंग शिकायचं असेल तर दोन्हीकडे सरकारी संस्था आहेत. मनालीत अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था आणि गुलमर्गला भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था. उतारांची तुलनाच नाही, गुलमर्ग पुष्कळ सरस.

सण आणि घरगुती हिवाळा

माझ्या लेखी निवडीचा खरा काटा इथे आहे, आणि टूरच्या पत्रकात नेमकं हेच नसतं.

मनालीतला नाताळ म्हणजे दिवे, डीजे आणि मॉल रोडवर मुंगीला वाट नाही अशी गर्दी. ज्यांना एकतीस डिसेंबरची धमाल हवी त्यांच्यासाठी उत्तम. पण पंधरा दिवस उशिरा गेलात तर वेगळंच गाव भेटतं. मकर संक्रांतीला हिमाचलात माघी साजा असतो, घरोघरी तूप घालून खिचडी. त्याच दिवसापासून गोशालसह मनालीजवळची नऊ गावं बेचाळीस दिवस मौन पाळतात. देव स्वर्गात सभेला गेलेत अशी श्रद्धा. टीव्ही नाही, मोठ्याने गाणी नाहीत, शेतीची कामं नाहीत. आपण इकडे गच्चीवरून "काऽऽट" ओरडत असतो, तेव्हा तिकडे फोनसुद्धा सायलेंटवर! बोगद्यापलीकडे लाहौलमध्ये त्याच सुमारास हालडा आणि पुना हे सण येतात आणि सिस्सूकडच्या गावांनी या काळात पर्यटन थांबवायचे निर्णय घेतलेले आहेत. जानेवारीअखेर तिकडे जायचं ठरवलं असेल तर आधी चौकशी करा, आणि बंद असेल तर हुज्जत घालू नका.

खाण्यात सिड्डू चुकवू नका. आंबवलेल्या कणकेत अक्रोड-खसखशीचं सारण, वाफवलेलं, वरून तुपाची धार. उकडीच्या मोदकाचा थोराड, तिखटमिठाचा चुलतभाऊ म्हणा ना.

काश्मिरात पहिला बर्फ पडला की लोक एकमेकांना "शीन मुबारक" म्हणतात. जुनी गंमत अशी की बेसावध माणसाच्या हातात कशाततरी गुंडाळून बर्फ द्यायचा. त्याने तो घेतला की तो हरला, आता त्याने मेजवानी द्यायची. आमच्या हॉटेलातल्या पोऱ्याने माझ्या भाच्याला रुमालात गुंडाळून 'अक्रोड' दिले होते. रुमाल ओला झाल्यावर भाच्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि पुढचे दोन दिवस तो प्रत्येकाच्या हातात रुमाल कोंबत फिरला.

श्रीनगरमध्ये किमान एक रात्र मुक्काम ठेवा, नुसतं गुलमर्ग करून परतू नका. फेरनच्या (लांब, सैल अंगरखा) आत कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) घेऊन बसलेली माणसं, कांदुराच्या म्हणजे भटाऱ्याच्या भट्टीतून निघालेला गिर्दा पाव, गुलाबी खारट नून चहा. पहाटे जुन्या शहरात हरिसा मिळतो, रात्रभर शिजवून घोटलेलं मटण. उशिरा उठलात तर भांडं रिकामं. आपल्या वाळवणासारखी उन्हात सुकवलेली वांगी, दुधी, टोमॅटो तिथे हिवाळ्याच्या भाज्या म्हणून खातात. शाकाहाऱ्यांसाठी हाक (पालेभाजी) आणि नदरू (कमळकाकडी) आहेत, पण घरात पक्के शाकाहारी जास्त असतील तर जेवणाची बाजू मनालीकडे झुकते. (मेतकूट मात्र दोन्हीकडे न्या. वादच नको.)

आणि नाताळच साजरा करायचा असेल तर? गुलमर्गमध्ये कुरणाच्या मधोमध १९०२ चं सेंट मेरीज चर्च आहे, बर्फात ते फारच देखणं दिसतं. तिसरा पर्याय सिमला: रिजवरचं क्राइस्ट चर्च आणि काल्का-सिमला ही १९०३ ची छोटी गाडी. नाताळचं वातावरण सिमल्याला सगळ्यात छान असतं, फक्त बर्फाची आशा ठेवायची नाही.

आजीचा प्रश्न

"काश्मीर नको गं बाई." हे वाक्य बहुतेक घरांत येणार आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ जण मारले गेले, त्यातले ६ महाराष्ट्रातले होते. कुणी जावं की जाऊ नये हे मी सांगणार नाही. एवढंच म्हणेन की ग्रुपमधला एक जरी माणूस मनातून घाबरलेला असेल तर त्याला ओढून नेऊ नका, त्याची सहल होणार नाही आणि तुमचीही नाही. अशा वेळी मनाली घ्या आणि विषय संपवा.

थंडीबद्दल आजीचा दुसरा प्रश्न असतो, त्यात मात्र काश्मीर पुढे आहे. हमाम (खालून लाकडं पेटवून तापवलेली खोली) असलेलं घर मिळालं तर खालची दगडी फरशीच गरम असते. मनालीत बऱ्याच मध्यम हॉटेलांत हीटरचे पैसे वेगळे लावतात, बुकिंग करतानाच विचारून घ्या.

बुकिंगआधी

जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरची प्रीपेड सिम चालत नाहीत, ग्रुपमध्ये निदान दोघांकडे पोस्टपेड हवं. मनालीत मुक्काम मॉल रोडऐवजी जवळच्या वशिष्ठ गावात किंवा जुन्या मनालीत घ्या, वशिष्ठला गरम पाण्याची कुंडंही आहेत. आणि परतीचं तिकीट सोमवारी ऑफिस असताना रविवारचं काढू नका. बर्फाने श्रीनगरची विमानं रद्द होतात, मनालीचा रस्ताही अडतो. मध्ये एक मोकळा दिवस ठेवा, तो दिवस पुन्हा बर्फात गेला तर कुणाची तक्रार नसते.