रंगमंचावर कॅलिपर, दाराशी पायऱ्या
दादरमधल्या एका छोट्या नाट्यगृहात शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड तिसरा’चा मराठी प्रयोग पाहिला, तिकीट ४०० रुपये, वेळ मध्यंतरासह पावणेतीन तास. १५९० च्या दशकात लिहिलेल्या या नाटकातल्या राजाची पाठ वाकलेली आहे, आणि ते व्यंग म्हणजे मनाच्या वाकडेपणाची खूण असे धरून धडधाकट नट पाठीवर उशी बांधून ही भूमिका करत आले. मंथरेच्या कुबडावर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकालाही ते चटकन पटते.

या प्रयोगात उशी नाही. रिचर्ड करणारा नट पोलिओमुळे उजव्या पायाला कॅलिपर (आधाराची धातूची चौकट) लावतो आणि ते झाकलेले नाही. लेडी ॲनला वश करताना तो तलवार तिच्या हाती देऊन गुडघे टेकतो. पण टेकण्याआधी त्याला वाकून कॅलिपरची गुडघ्याजवळची कडी हाताने सरकवावी लागते, आणि तेवढा वेळ ती आपल्या नवऱ्याच्या मारेकऱ्यावर तलवार रोखून नुसती उभी राहते. ही अगतिकता की सापळा, ते तिलाही कळत नाही आणि आपल्यालाही. पुढे ‘चेटकाने माझा हात वाळला’ असे दरबाराला सांगताना तो चांगला धट्टाकट्टा हात पुढे करतो आणि सारे माना डोलावतात. सरदार हेस्टिंग्ज फक्त ‘जर हे खरे असेल’ असे म्हणतो आणि त्या ‘जर’पायी त्याचे डोके जाते. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या वाहनतळाखाली सापडलेल्या खऱ्या रिचर्डच्या सांगाड्याचा कणा बाजूला वळलेला होता, हात मात्र वाळलेला नव्हता, हे दिग्दर्शकाने नेमके हेरले आहे.

भुतांचा प्रवेश रेंगाळतो. भाषांतरात पहिल्याच स्वगतात ‘दिव्यांग’ हा सरकारी शब्द येतो. मी लंगडत गेलो की कुत्री भुंकतात, असे स्वतःविषयी सांगणाऱ्याच्या तोंडी तो शोभत नाही.

खरी तक्रार नाट्यगृहाची आहे. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात असे सांगणारा दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, तरी इथला रॅम्प तिकीट खिडकीपाशीच संपतो आणि पुढे अकरा पायऱ्या आहेत. चाकाच्या खुर्चीतल्या माझ्या आत्याला दोन स्वयंसेवकांनी उचलून वर नेले, जे तिला मुळीच आवडत नाही. प्रयोगानंतर ते स्वयंसेवक सापडेपर्यंत आम्ही वीस मिनिटे वरच थांबलो. तेवढ्यात कठडा धरून, एकेक पायरी तोलत रिचर्ड आमच्याआधी खाली उतरून गेला.