मुंबईच्या कोरड्या बागेसाठी धायटी की कोरांटी?

मुंबईत वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या 4 महिन्यांत पडतो आणि उरलेले 8 महिने जमीन कोरडी राहते; त्यामुळे येथे लावायच्या झुडपाने उन्हाळा सोसावा आणि मुळाशी पाणी साचल्याने कुजूही नये, म्हणून निचरा महत्त्वाचा.

सह्याद्रीच्या उघड्या, खडकाळ उतारांवर वाढणारी धायटी सुमारे 3 मीटरपर्यंत जाते. जानेवारी ते एप्रिलमध्ये, इतर बाग सुकत असताना, तिच्या फांद्या लालभडक नळीदार फुलांनी भरतात आणि त्यांतील मधासाठी शिंजीर हा छोटा पक्षी दिवसभर येत राहतो. आसव-अरिष्टे ही पातळ औषधे आंबवण्यासाठी आयुर्वेदात वापरतात ती धायटीची फुले हीच. मात्र तिला सोसायटीच्या आवारातली मोकळी जमीन हवी. कुंडीत ती खुरटते.

पिवळी कोरांटी मीटर-दीड मीटरची, काटेरी आणि छाटकलमाने (फांदीचा तुकडा लावून) सहज येणारी असल्याने गच्चीवरील कुंडीतही चालते. ती पावसाळ्यानंतर व हिवाळ्यात फुलते, तर तिच्या पानांवर पॅन्सी गटातील काही फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. पाने कुरतडलेली पाहून फवारणी करू नये. लहान मुलांच्या वाटेवर काटे नकोतच.

जागा असेल तर मी धायटीच निवडेन.